शार्डिंग करायचं की मुळातच वितरित डेटाबेस घ्यायचा? कोड लिहिणाऱ्याच्या बाजूने

एका मशीनवरचा पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल डेटाबेस पुरेनासा झाला की दोन वाटा समोर येतात. (आधी खरंच पुरत नाही ना, ते बघा. पुष्कळदा दोन नीट इंडेक्स आणि एक रीड रेप्लिका, म्हणजे फक्त वाचण्यासाठीची प्रत, यांवर भागतं.) पहिली वाट शार्डिंगची, म्हणजे आहे तोच डेटाबेस अनेक मशीनवर तुकड्यांत (शार्डमध्ये) वाटायचा: पोस्टग्रेससाठी सायटस, मायएसक्यूएलसाठी यूट्यूबमध्ये जन्मलेलं व्हिटेस. दुसरी म्हणजे मुळापासून वितरित, म्हणजे अनेक मशीनवर चालण्यासाठीच बांधलेला डेटाबेस घ्यायचा: कॉकरोचडीबी, युगाबाइटडीबी, टायडीबी किंवा गूगलचा स्पॅनर. कोडला फारसा हात लावावा लागणार नाही, असं दोन्हीकडचे लोक सांगतात. लागतो. फक्त कुठे लागतो, ते वेगळं.

सायटसमध्ये टेबल वाटताना एक कॉलम निवडायचा. त्याच्या किमतीपासून काढलेल्या आकड्यावरून, म्हणजे हॅशवरून, ओळ कुठल्या शार्डवर जाणार ते ठरतं. ऑर्डर, बिलं, वस्तू या सगळ्यांवर कंपनी आयडी आहे आणि प्रत्येक क्वेरीच्या व्हेअरमध्ये (अट लिहितो तिथे) तो येतो, असं असेल तर काम एकाच नोडवर (मशीनवर) उरकतं. जॉइन, फॉरेन की, ट्रान्झॅक्शन (एकतर पूर्ण होणारा, नाहीतर अजिबात न होणारा कामांचा गट), सगळं ओळखीच्या पोस्टग्रेससारखं. कराचे दर, चलनं अशी सर्वांना लागणारी छोटी टेबलं रेफरन्स टेबल केली की त्यांची प्रत प्रत्येक नोडवर राहते.

आता वापरकर्त्याचा ईमेल युनिक हवा म्हणा. कंपनी आयडीवर वाटलेल्या टेबलात नुसत्या ईमेलवर युनिक लावता येत नाही, वाटणीचा कॉलम त्यात यावाच लागतो. लॉगिनच्या पानावर तर कंपनी माहीतच नसते. मग ईमेलवर वाटलेलं आणखी एक टेबल करायचं आणि नोंदणी करताना दोन्हीकडे लिहायचं. सायटस हे लिखाण टू-फेज कमिटने (आधी सगळ्या नोडची तयारी, मग पक्कं करणं) सांभाळतं, पण त्याच क्षणी दोन नोडवरून वाचणाऱ्याला एकीकडे नवी आणि दुसरीकडे जुनी स्थिती दिसू शकते. व्हिटेसमध्ये अशा शोधटेबलाची सोय तयारच आहे, लुकअप व्हिंडेक्स नावाची. मात्र अनेक शार्डवरचं साधं ट्रान्झॅक्शन तिथे एकेका शार्डवर कमिट होत जातं. मध्येच काही पडलं तर आधीचं झालेलं तसंच राहतं.

कॉकरोचमध्ये ईमेलवर युनिक लावा, चालतं. किंमत मोजावी लागते ती वेळात. प्रत्येक लिखाणाला रॅफ्टने (प्रतींमध्ये एकमत घडवणारी पद्धत) वेगवेगळ्या नोडवरच्या बहुसंख्य प्रतींचा होकार घ्यावा लागतो. फायबरमधून प्रकाश १००० किलोमीटरला साधारण ५ मिलिसेकंद घेतो, म्हणजे जाऊन येऊन १०. डेटा इतक्या लांब असेल आणि ओआरएमने (कोडवरून आपोआप क्वेऱ्या बनवणारी लायब्ररी) लूपमध्ये एकापाठोपाठ ४० क्वेऱ्या सोडल्या, तर ४०० मिलिसेकंद वाटेतच गेले. एका मशीनवर हा आळस खपून जात होता.

दुसरा फटका आम्ही खाल्ला. कॉकरोचची मूळ आयसोलेशन पातळी (एकाच वेळी चालणारी ट्रान्झॅक्शनं एकमेकांपासून किती वेगळी ठेवायची) सीरियलायझेबल, म्हणजे सर्वांत कडक आहे, त्यामुळे टक्कर झाली की ४०००१ ही एरर येते आणि शेवटची ओळ नव्हे, तर पूर्ण ट्रान्झॅक्शन पहिल्यापासून चालवावं लागतं. पोस्टग्रेसच्या रीड कमिटेड या सैल पातळीवर वाढलेल्यांनी हा आकडा पाहिलेलाच नसतो. आम्ही इमानदारीत रिट्राय लूप लावला, पण एसएमएस पाठवणारं फंक्शन त्या लूपच्या आतच राहिलं. एकाच ऑर्डरचे तीन संदेश गेले. आता संदेशाची ओळ त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये आउटबॉक्स टेबलात पडते आणि वेगळा वर्कर ती उचलतो. नव्या आवृत्त्यांत रीड कमिटेडही मिळतं. त्याने रिट्राय कमी होतात, पण सिलेक्ट फॉर अपडेट (वाचतानाच ओळ लॉक करणं) कुठे लावायचं याची जबाबदारी परत तुमच्यावर. टायडीबी डिफॉल्टने आधी लॉक घेतं, त्यामुळे मायएसक्यूएलच्या सवयी तिथे जास्त जपल्या जातात.

चढत्या क्रमाच्या आयडीचीही सवय सोडावी लागते. कॉकरोच आणि टायडीबी कीच्या क्रमाने डेटा वाटतात, त्यामुळे नव्या ओळी सगळ्या शेवटच्या तुकड्यावर आदळतात; बाकीचे नोड बसून आणि एकाच्या नाकी नऊ. यूयूआयडी (लांब, यादृच्छिक आयडी) वापरा, किंवा टायडीबीत ऑटो रँडम. युगाबाइट मुळातच हॅशने वाटतं, म्हणून ही अडचण येत नाही, पण कीच्या क्रमाने सलग वाचणं महाग पडतं.

कमिट करताना कनेक्शन तुटलं तर काम झालं की नाही, हा प्रश्न दोन्हीकडे आहे. पैशांच्या प्रत्येक व्यवहाराला स्वतःची आयडेम्पोटन्सी की (तोच व्यवहार पुन्हा आला तर ओळखता येईल असा आयडी) हवीच.

लायसन्स वाचून घ्या. व्हिटेस अपाचे परवान्याखाली आहे, कॉकरोचने २०१९ आणि २०२४ मध्ये अटी बदलल्या.

माझी कसोटी साधी आहे. सर्वांत जास्त चालणाऱ्या दहा क्वेऱ्या काढा. नऊंच्या व्हेअरमध्ये एकच कॉलम असेल, तर सायटस किंवा व्हिटेस. उरलेल्या एकीसाठी शोधटेबल करा. कुणाही वापरकर्त्याचा कुणाशीही व्यवहार होत असेल, वॉलेटमधून वॉलेटमध्ये पैसे जात असतील, तर असा कॉलम सापडणार नाही. मग दुसरी वाट धरा. तीत कॉकरोचकडे कल असेल, तर मुद्दाम रिट्राय एरर पेरणारी त्याची सेशन सेटिंग चालू करून तुमचे सगळे टेस्ट एकदा पळवा. किती ठिकाणी फुटतं, त्यावरून स्थलांतराला किती आठवडे लागतील ते कळेल.