प्रबंधासाठी किंवा प्रकल्पासाठी आरोग्य-वर्तनाचा कोणता सिद्धांत घ्यावा?

तंबाखू वाईट हे आपल्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात भारतातल्या 96 टक्के प्रौढांनी धूरविरहित तंबाखूने गंभीर आजार होतात हे मान्य केलं होतं. त्याच सर्वेक्षणात असा तंबाखू घेणाऱ्यांपैकी साधारण निम्मे लोक सोडण्याचा बेत किंवा विचार करत होते. दोन्ही आकडे वेगवेगळ्या गटांचे असले तरी चित्र स्पष्ट आहे. पटणं आणि ठरवणं यांत एक दरी आहे. ठरवणं आणि प्रत्यक्ष करणं यांत दुसरी.

एमएसडब्ल्यू, एमपीएच, नर्सिंग किंवा मानसशास्त्राच्या प्रबंधासाठी सैद्धांतिक चौकट शोधताना बहुतेक जण आधी सिद्धांत निवडतात आणि मग माणसं. मला हा क्रम उलटा हवा असं ठामपणे वाटतं. तुमच्या गावातली, वस्तीतली, ओपीडीतली माणसं कोणत्या दरीपाशी अडली आहेत हे आधी पाहा. खालची तुलना त्याच कसोटीवर केली आहे, आणि उदाहरण शक्यतो एकच ठेवलं आहे: मशेरी लावणाऱ्या बायका.

हेल्थ बिलीफ मॉडेल या सगळ्यांत वडीलधारं. 1950 च्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतल्या हॉखबाऊम, रोझेनस्टॉक वगैरे मानसशास्त्रज्ञांनी ते मांडलं. क्षयाच्या तपासणीसाठी छातीचा एक्स-रे सोयीने उपलब्ध असताना लोक का येत नाहीत, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. मला हा आजार होऊ शकतो का, झाला तर किती वाईट, उपायाचा फायदा काय, आड काय येतं आणि कृतीला धक्का देणारं निमित्त कोणतं, असे त्याचे घटक. स्वतःच्या क्षमतेवरचा विश्वास 1988 मध्ये जोडला गेला. शिबिरात तपासणीला येणं, लस घेणं अशा एकदाच करायच्या गोष्टींसाठी ते हाताला सोपं आहे, आणि प्रश्नावली बायकांना पटकन कळते. पण 2010 मध्ये कार्पेंटर यांनी एकत्र केलेल्या अभ्यासांत फायदे आणि अडथळे हेच घटक ठळकपणे उपयोगी ठरले. ‘मला होऊ शकतो’ या भावनेचा वर्तनाशी जवळपास संबंधच दिसला नाही. कर्करोगाची भयानक चित्रं दाखवण्यावर प्रकल्पाचं अर्धं बजेट घालणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. पैसा अडथळे काढण्यावर जायला हवा.

इरादा या गोष्टीला मध्यभागी बसवलं ते फिशबाइन आणि आयझन यांनी. 1970 च्या दशकातल्या त्यांच्या पहिल्या मांडणीत वर्तनामागे इरादा होता, आणि इराद्यामागे दोन गोष्टी: त्या वर्तनाविषयीची अभिवृत्ती आणि आपल्या माणसांचा दबाव. पुढे आयझन यांनी तिसरी जोडली, हे माझ्या हातात आहे का याची जाणीव. 1991 च्या त्यांच्या लेखानंतर नियोजित वर्तनाचा सिद्धांत, म्हणजे टीपीबी, जगभर पसरला.

या सिद्धांताचं बळ कुठे आहे ते मशेरीत नेमकं दिसतं. मशेरी लावणारी बाई ती ‘आवडते’ म्हणून लावते असं धरून चाललात तर फसाल. बोलायला बसा, म्हणजे कळतं की तिच्या लेखी मशेरीने दात साफ राहतात, दुखणारी दाढ शांत होते, सकाळी पोट साफ होतं. ही तिची अभिवृत्ती, आणि तिला तिची कारणं आहेत. घरात सासू म्हणते, ‘सोड गं आता’, आणि स्वतः डबी उघडून बसते. सांगणं एक आणि दिसणं दुसरं. फिशबाइन आणि आयझन यांनी नंतरच्या मांडणीत या दोन्ही दबावांना वेगवेगळी जागा दिली, ती आपल्या एकत्र कुटुंबांसाठी फार मोलाची आहे. तिसरा घटक तर बायका स्वतःच बोलून दाखवतात: ‘नाही लावली तर डोकं चढतं, काम सुचत नाही.’

म्हणून टीपीबी घेणार असाल तर छापील प्रश्नावलीचं भाषांतर करून मोकळे होऊ नका. आधी वीस-पंचवीस बायकांशी मोकळ्या गप्पा मारून त्यांच्याच तोंडच्या समजुती गोळा करायच्या आणि त्यांवर प्रश्न बांधायचे, ही त्या पद्धतीचीच अट आहे. वर्तनही नेमकं लिहा. ‘तंबाखू सोडणं’ हे वर्तन फार मोघम आहे. ‘पुढचे 30 दिवस सकाळी दात घासताना मशेरी न लावणं’ हे मोजता येतं. अभिवृत्ती एका गोष्टीविषयी विचारली आणि वर्तन दुसरंच मोजलं, तर आकडे जुळणार नाहीत, आणि दोष सिद्धांतावर जाईल. सात पायऱ्यांची मोजपट्टी अशिक्षित बाईला झेपत नाही, तिथे चेहऱ्यांची चित्रं किंवा कमी पायऱ्या वापरा.

आता मर्यादा. आर्मिटेज आणि कॉनर यांनी 2001 मध्ये 185 अभ्यास एकत्र केले तेव्हा टीपीबीने माणसामाणसांच्या इराद्यात दिसणाऱ्या फरकांपैकी 39 टक्क्यांचा उलगडा केला, पण वर्तनातल्या 27 टक्केच. फक्त आरोग्य-वर्तनांवर, पुढे जाऊन वर्तन मोजणारे अभ्यास मॅकइचन आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये तपासले, तेव्हा हा आकडा 19 टक्क्यांच्या आसपास आला. व्यायाम आणि आहारात तो त्याहून थोडा जास्त होता, व्यसनापासून दूर राहण्यासारख्या वर्तनांत कमी. 2014 मध्ये स्निहोटा आणि सहकाऱ्यांनी तर या सिद्धांताला निवृत्त करावं असाच लेख लिहिला. मला ते टोकाचं वाटतं. इरादा कसा घडतो हे समजून घ्यायला याच्याइतकं काटेकोर साधन दुसरं क्वचितच मिळेल. पण इरादा घडवला की काम झालं, असं त्यावरून मानणं चूक आहे. वेब आणि शीरन यांनी 2006 मध्ये 47 प्रयोगांतून दाखवलं की इराद्यात (परिणाम किती मोठा हे सांगणाऱ्या प्रमाणित मोजपट्टीवर) 0.66 इतका बऱ्यापैकी बदल घडवला, तरी वर्तनात 0.36 इतकाच, म्हणजे निम्म्याहून थोडाच जास्त, बदल उतरतो.

दुसऱ्या दरीचं उत्तर किती साधं असू शकतं, हे फार पूर्वीच दिसलं होतं. 1965 मध्ये लेव्हेंथल आणि सहकाऱ्यांनी येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना धनुर्वाताची माहितीपत्रकं दिली. भीतीदायक पत्रक वाचणाऱ्यांचा लस घेण्याचा इरादा वाढला, पण लस घेणाऱ्यांची संख्या भीतीने बदलली नाही. ज्यांना आरोग्य केंद्राचा नकाशा दिला, लसीच्या वेळा सांगितल्या आणि आपल्या आठवड्यात कधी जमेल ते ठरवायला लावलं, त्यांच्यातले सुमारे 28 टक्के गेले. बाकीच्यांतले 3 टक्के. नकाशात दाखवलेली जागा त्यांतल्या बहुतेकांना आधीपासून माहीत होती!

मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांचा ‘जर-तर’ आराखडा, म्हणजे अमुक प्रसंग आला तर मी तमुक करीन असं आधीच ठरवून ठेवणं, याच धाग्यावरचा आहे. ‘सकाळी चहाचं आधण ठेवलं की आधी ब्रशवर पेस्ट घेईन.’ ‘शेजारणीने डबी पुढे केली तर बडीशेप तोंडात टाकीन.’ त्यांनी आणि शीरन यांनी 2006 मध्ये 94 चाचण्या एकत्र केल्या, तेव्हा परिणाम त्याच मोजपट्टीवर 0.65 निघाला. एका पानाच्या, जवळजवळ फुकट साधनासाठी हे फार मोठं आहे. मात्र हा आराखडा इरादा निर्माण करत नाही. तो आधीच असावा लागतो. शिवाय धूम्रपानावरच्या 2009 च्या एका अभ्यासात सवय सौम्य किंवा मध्यम असणाऱ्यांना तो उपयोगी पडला, घट्ट सवयीच्या लोकांना नाही. वीस वर्षं मशेरी लावणाऱ्या बाईला नुसता कागद देऊन पाठवू नका. समुपदेशन आणि गरज असेल तिथे औषधोपचार सोबत लागतात.

बर्लिनच्या राल्फ श्वार्त्सर यांचं हापा (हेल्थ ॲक्शन प्रोसेस ॲप्रोच) मॉडेल या दोन्ही दऱ्या एकाच चौकटीत घेतं. आधी इरादा घडण्याचा टप्पा, मग तो पाळण्याचा. दुसऱ्या टप्प्यात कृतीचं नियोजन, अडचणींचं नियोजन आणि घसरल्यावर पुन्हा उभं राहण्याचा विश्वास वेगवेगळे मोजले जातात. यात्रेत किंवा माहेरी गेल्यावर मशेरी पुन्हा सुरू होते, तिथे हा शेवटचा घटकच कामाचा. प्रत्यक्ष कार्यक्रम चालवणाऱ्या संस्थेला मी हापाच सुचवेन. अडचण एवढीच की त्यात घटक बरेच आहेत, नमुना मोठा लागतो आणि पाठपुरावा टाळता येत नाही.

माणूस ‘विचारच नाही’ इथपासून ‘बदल टिकवणं’ इथपर्यंत टप्प्याटप्प्याने जातो असं मानणारं, प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे यांचं टप्प्यांचं मॉडेल व्यसनमुक्ती केंद्रांत फार चालतं, कारण समुपदेशकाला ते लगेच वापरता येतं. संशोधनासाठी मी ते टाळेन. सहा महिन्यांत सोडणार की 30 दिवसांत, यावरून टप्पा ठरवणाऱ्या त्याच्या सीमा मनमानी आहेत, आणि रॉबर्ट वेस्ट यांनी 2005 मध्येच ते बाजूला ठेवावं असं लिहिलं होतं.

मग निवड कशी करायची? चार-पाच महिन्यांत पदव्युत्तर प्रबंध संपवायचा असेल आणि लोक सोडायचं का ठरवत नाहीत हा प्रश्न असेल, तर टीपीबी घ्या. शिबिराला किंवा लसीकरणाला गर्दी का होत नाही हे शोधायचं असेल, तर हेल्थ बिलीफ मॉडेल, आणि त्यातही अडथळ्यांवर भर. लोक ‘सोडायचीच आहे’ म्हणतात आणि सुटत नाही, अशी स्थिती असेल तर जर-तर आराखड्याचा दोन गटांचा छोटा प्रयोग करा. निधी आणि वर्षभराचा वेळ असेल तर हापा.

चौकट कोणतीही घ्या, पण इरादा आणि वर्तन एकाच दिवशी, एकाच कागदावर विचारू नका. त्या दिवशी बाई दोन्ही उत्तरं एकमेकांशी जुळवूनच देते, आणि संबंध आहे त्याहून घट्ट दिसतो. इरादा आज विचारा, चार आठवड्यांनी पुन्हा जा, आणि मशेरी लावली का हे शक्य असेल तर पहिल्या भेटीत प्रश्न विचारणाऱ्या व्यक्तीऐवजी दुसऱ्या कोणाला विचारू द्या.