‘ओपन वॉटर डायव्हर’ अभ्यासक्रम, स्वराज द्वीप : सोलापूरच्या आत्या-भाच्याचा अनुभव

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझा तेरा वर्षांचा भाचा अंदमानातील स्वराज द्वीपावर, म्हणजे २०१८ पर्यंतच्या हॅवलॉक बेटावर, पाडी या आंतरराष्ट्रीय डायव्हिंग-प्रशिक्षण संस्थेचा ‘ओपन वॉटर डायव्हर’ हा स्कूबाचा, म्हणजे पाठीवर हवेचे सिलिंडर घेऊन बुडी मारण्याचा, प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण करून आलो. सोलापूरला परतल्यापासून ओळखीच्या घरांतून एकच प्रश्न येतो आहे : स्कूबा तर तारकर्लीलाही होते, मग त्यासाठी चार दिवस आणि एवढा पैसा कशाला घालवायचा? या प्रश्नाला सविस्तर उत्तर द्यावे, म्हणून हे लिहीत आहे.

मालवण-तारकर्लीला आपल्याकडून दर सुट्टीत गाड्या भरून माणसे जातात, त्यात आम्हीही गेलो होतो. तिथे पर्यटकांना मिळते ती अनुभवापुरती बुडी असते. प्रशिक्षक मागून आपले सिलिंडर धरून असतो, हवा किती उरली हे तोच पाहतो, वर कधी यायचे हे तोच ठरवतो, आणि आपण मासे पाहून व फोटो काढून परततो. त्यात आनंद आहेच. मात्र पाण्याखाली स्वतःला सांभाळण्याची विद्या त्यातून हाती येत नाही. ती या अभ्यासक्रमात येते. उथळ पाण्यातला सराव, खुल्या समुद्रातल्या चार बुड्या, लेखी परीक्षा आणि शेवटी १८ मीटरपर्यंत जोडीदारासह उतरण्याचे प्रमाणपत्र, असे त्याचे स्वरूप आहे. दहा ते चौदा वर्षांच्या मुलांना ‘ज्युनिअर’ प्रमाणपत्र मिळते आणि त्यांना प्रमाणित मोठ्या माणसाबरोबरच उतरावे लागते.

मी पोहायला शिकले ती आजोळच्या विहिरीत, पाठीला सुका भोपळा बांधून. विहिरीत शिकलेल्या प्रत्येकाच्या अंगात एक गोष्ट मुरलेली असते : पाण्यात डोके गेले की दम कोंडायचा. स्कूबाचा पहिला नियम याच्या नेमका उलट आहे. श्वास कधीही रोखायचा नाही. दाबाखाली घेतलेली हवा वर येताना फुगते, आणि ती बाहेर पडू दिली नाही तर फुप्फुसाला इजा होते. तेवढ्यासाठी दीड मीटर खोलीही पुरते. हे मी पुस्तकात वाचले होते, वहीत उतरवूनही घेतले होते. तरीही पहिल्या सकाळी, मास्कमध्ये मुद्दाम पाणी घेऊन ते नाकाने फुंकून बाहेर काढण्याचा सराव चालू असताना खारे पाणी नाकात गेले आणि मी दम कोंडून वर उसळले. प्रशिक्षकाने जॅकेटचा पट्टा धरून मला जागीच थांबवले, स्वतःच्या तोंडातून सावकाश बुडबुडे सोडून दाखवले आणि माझेही बुडबुडे सुटू लागल्यावरच पट्टा सोडला. मग तोच सराव त्या सकाळी आम्ही सात वेळा केला. कुठेही घाई नव्हती, आवाज चढवणे नव्हते. भाचा पुढच्या पाठाला तयार होता, तरी त्याला माझ्यासाठी थांबायला सांगितले गेले. या अभ्यासक्रमाचे मोल मला त्या सात वेळांत कळले.

दाबाचे गणितही त्यांनी असेच डोळ्यांसमोर मांडले. झाकण घट्ट लावलेली पाण्याची रिकामी बाटली प्रशिक्षकाने दुसऱ्या बुडीत बरोबर घेतली. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो आणि हवेचे आकारमान निम्मे, म्हणून तिथे बाटली पार चेपून गेली. वर येताना ती कडकड करत पुन्हा फुगली. खंडाळ्याच्या घाटात कानाला दडे बसतात, ते याच कारणाने. फरक एवढाच की पाण्यात हे पहिल्या दोन-तीन मीटरमध्येच होते, आणि नाक चिमटीत धरून हलकी फुंकर मारत कान वेळोवेळी मोकळे करावे लागतात. दुखू लागण्याची वाट पाहायची नसते. इथे आणखी एक गैरसमज दूर करते : सिलिंडरमध्ये निव्वळ ऑक्सिजन नसतो, आपण श्वासात घेतो तीच हवा सुमारे २०० बार दाबाने भरलेली असते. खोल गेलो किंवा धाप लागली की ती लवकर संपते, म्हणून काटा पाहण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावतात.

पहिल्या बुड्या किनाऱ्यालगतच्या निमो रीफवर झाल्या, जिथे समुद्रफुलांत क्लाउनफिश लपलेले दिसतात. पण माझ्या मनात राहिला आहे तो चौथ्या बुडीतला एक क्षण. भाच्याच्या मनगटावर रूपाभवानीच्या देवळातला लाल दोरा होता. सोळा मीटरवर त्याने हात पुढे करून तो दाखवला, तर दोरा काळपट तपकिरी झालेला! पाणी सर्वांत आधी लाल प्रकाश शोषून घेते, हे दोघांनाही पाठ होते. प्रशिक्षकाने टॉर्चचा झोत टाकताच दोरा पुन्हा लालभडक दिसला. परतताना पाच मीटरवर तीन मिनिटे स्थिर राहायचे असते. तिथे श्वास घेतला की शरीर किंचित वर तरंगते आणि सोडला की किंचित खाली जाते. तिथे माझा भाचा मांडी घालून, हात बांधून, पाण्यात अधांतरी बसला होता. तो घरी एका जागी पाच मिनिटे बसत नाही, हे मला इथे नोंदवलेच पाहिजे.

आता तक्रारी. आमच्या केंद्राने आरोग्यविषयक प्रश्नावली पोहोचल्यावर हातात दिली. मी सत्तेचाळीस वर्षांची आहे आणि रक्तदाबाची गोळी घेते, म्हणून डॉक्टरांची सही आवश्यक ठरली आणि बेटावर ती मिळवण्यात अर्धा दिवस गेला. हीच प्रश्नावली आधी पाठवली असती, तर सोलापुरात आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी दहा मिनिटांत सही केली असती. ती आधीच मागून घ्या. दमा, कान किंवा हृदयाची तक्रार असेल तर काहीही लपवू नका. दुसरे असे की अभ्याससाहित्य आम्हाला इंग्रजीतच मिळाले. प्रशिक्षकाने हिंदीत उत्तम समजावले, पण मराठी माध्यमात शिकणाऱ्या भाच्याला रोज रात्री मला भाषांतर करून सांगावे लागले.

पोहण्याची परीक्षा सोपी नसली तरी निर्दय नाही. वेळेचे बंधन न घालता २०० मीटर पोहायचे आणि दहा मिनिटे तरंगायचे. आम्ही दोन महिने सकाळी जलतरण तलावात त्याचाच सराव केला होता. खर्च प्रत्येकी ३०,००० रुपयांच्या आसपास आला, प्रवास व मुक्काम वेगळा. सोलापूरहून रेल्वेने चेन्नई, तिथून विमानाने पोर्ट ब्लेअर म्हणजे आताचे श्री विजयपुरम, आणि पुढे बोट, हा मार्ग आम्हाला सोयीचा पडला. परतीचे तिकीट काढताना एवढे पाहा की अनेक दिवसांच्या बुड्यांनंतर किमान १८ तास विमानात बसायचे नसते. आम्ही मधला एक पूर्ण दिवस मोकळा ठेवला होता, आणि त्या दिवशी किनाऱ्यावर बसून भाच्याने आपली नोंदवही स्वच्छ अक्षरात, मराठीत, पुन्हा लिहून काढली.