एनॅमलच्या भांड्याला सोडा बरा की व्हिनेगर?

ओव्हनमधल्या एनॅमलच्या भांड्याचा लेप म्हणजे लोखंडावर साधारण ८०० अंश सेल्सिअसला वितळवून बसवलेली काच. म्हणून तारेची घासणी आधी बाजूला ठेवा. पडलेले ओरखडे परत भरून येत नाहीत आणि पुढच्या वेळी अन्न तिथेच चिकटतं.

करपलेलं अन्न आणि तपकिरी झालेलं तेल यांच्यासाठी माझं मत ठामपणे खाण्याच्या सोड्याच्या बाजूने आहे. तो सौम्य अल्कधर्मी असतो, त्यामुळे जळकट थर सैल होतो. शिवाय त्याचे कण काचेपेक्षा मऊ असतात. भांड्यात पाणी आणि दोन-तीन चमचे सोडा घालून मंद आचेवर दहा मिनिटं उकळा, कोमट होऊ द्या आणि लाकडी उलथन्याने खरवडा. बाहेरच्या डागांवर सोड्याचा घट्ट लेप रात्रभर ठेवला तरी चालतो.

व्हिनेगर उपयोगी पडतं ते जड पाण्याच्या पांढऱ्या डागांवर. पाणी मिसळून पुसा आणि लगेच धुवा. आम्लात भांडं भिजत ठेवलं तर लेपाची चकाकी जाते. दोन्ही एकत्र करण्यात तर काहीच अर्थ नाही, कारण फेस आला तरी दोघं एकमेकांचा जोर मारतात.

गरम भांड्यात गार पाणी मात्र कधीही ओतू नका, लेप तडकतो. बिडाच्या भांड्याची कड बऱ्याचदा लेपाविना असते, ती कोरडी पुसा. आतून टवका उडाला असेल तर त्यात स्वयंपाक करू नका.