आतडं तुंबलंय: लगेच ऑपरेशन की आधी स्टेंट?

पोट नगाऱ्यासारखं ताठ, तीन दिवस गॅससुद्धा सरकलेला नाही. सीटी स्कॅनमध्ये डाव्या बाजूच्या मोठ्या आतड्यात कर्करोगाची गाठ. आता सर्जनसमोर दोन वाटा.

एक, त्याच रात्री ऑपरेशन. गाठ काढायची आणि बहुतेकदा आतड्याचं तोंड पोटावर आणायचं, म्हणजे स्टोमा. अडथळा सुटतो, पण रुग्ण त्या घटकेला कोरडा पडलेला असतो, पोटॅशियम घसरलेलं, लघवी कमी. त्यात वय ऐंशीपुढचं, हृदय किंवा फुप्फुस कमजोर, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) कमी, अंगात जंतुसंसर्ग. यातली दोन-तीन कारणं जमली की जीव वाचणं गाठीपेक्षा शरीराच्या अवस्थेवरच जास्त ठरतं.

दुसरी वाट, दुर्बिणीतून गाठीच्या आत धातूच्या जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसवायची. ती हळूहळू उमलते, तुंबलेला मळ बाहेर पडतो. साधारण दोन आठवड्यांत माणूस सावरतो, मग ठरवून ऑपरेशन. ब्रिटनच्या क्रेस्ट चाचणीत यामुळे स्टोमाचं प्रमाण ६९ वरून ४५ टक्क्यांवर आलं. ३० दिवसांतल्या मृत्यूंत मात्र लक्षणीय फरक दिसला नाही, हे नातेवाइकांना स्पष्ट सांगायला हवं.

नळी घालताना आतडं फाटलं तर मळाबरोबर कर्करोगाच्या पेशीही पोटात पसरू शकतात. आणि ते आधीच फुटलेलं असेल तर स्टेंटचा विषयच नाही, थेट टेबलावर.

माझा कल? थकलेल्या, बऱ्याच आजारांच्या रुग्णाला स्टेंट, तोही हात बसलेला डॉक्टर असेल तरच.