जुना स्कॅनर भंगारात काढायच्या आधी व्ह्यूस्कॅन चालवून बघा

विंडोज ११ टाकलं आणि स्कॅनर दिसेनासा झाला, ही तक्रार आता खूप लोकांची आहे, १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपल्यापासून तर जास्तच. खरं म्हणजे स्कॅनरला काहीही झालेलं नसतं, काच नीट, दिवा लागतो, मोटर फिरते, गाडी अडते ती ड्रायव्हरपाशी, म्हणजे कॉम्प्युटरला स्कॅनरशी बोलायला लावणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरपाशी. विंडोज एक्सपीच्या काळातला ड्रायव्हर ३२ बिटचा, विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं आणि तिथे कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, ३२ बिटचा ड्रायव्हर लोडच होत नाही. मग कंपॅटिबिलिटी मोड लावा नाहीतर ॲडमिन म्हणून चालवा, फरक पडत नाही.

माझ्या फ्लॅटबेडच्या (सपाट काचेच्या स्कॅनरच्या) कंपनीने तर नवीन ड्रायव्हर काढायचं केव्हाच सोडून दिलंय. त्यामुळे व्ह्यूस्कॅन नावाचं स्कॅनिंगचं सॉफ्टवेअर घेतलं आणि आता रोज तेच वापरतोय.

हे हॅमरिक सॉफ्टवेअर या कंपनीचं, १९९८ पासून चालू आहे. यात कितीतरी जुन्या स्कॅनरचा ड्रायव्हर आतच दिलेला असतो, म्हणजे कंपनीची सीडी शोधत बसायची गरज नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये स्कॅनरच्या नावापुढे पिवळं उद्गारचिन्ह येत होतं, व्ह्यूस्कॅन इन्स्टॉल केल्यावर ते गेलं आणि प्रीव्ह्यू दाबल्याबरोबर दिवा सरकायला लागला, मला तर फारच आनंद झाला. ड्रायव्हर सिग्नेचरची तपासणी बंद करा किंवा मेमरी इंटिग्रिटी ऑफ करा (या दोन्ही विंडोजच्या सुरक्षेच्या सोयी आहेत) असले सल्ले लोक सर्रास देतात, ते कृपा करून ऐकू नका, एका स्कॅनरसाठी अख्ख्या मशीनची सुरक्षा काढून टाकण्यात काही अर्थ नाही.

आता वापराबद्दल. दिसायला जुन्या वळणाचं आहे, इनपुट, क्रॉप, फिल्टर, कलर, आउटपुट असे टॅब आणि प्रत्येकात ढीगभर ऑप्शन, सुरुवातीला गोंधळायला होतं. पण फिल्टरमधलं रिस्टोअर फेडिंग जरूर करून बघा, लालसर पडलेल्या जुन्या रंगीत फोटोत ज्या शर्टाचा रंग नेमका कुठला तेच कळत नव्हतं तो स्वच्छ निळा दिसायला लागला. मासिकाचं पान स्कॅन करताना छपाईचे ठिपके जाळीसारखे उमटतात, त्यासाठी डीस्क्रीन आहे. आणि फाइलच्या नावात अधिकचं चिन्ह (+) असेल तर पुढचा नंबर आपोआप पडतो, गठ्ठाभर फोटो करायचे असतील तर याने फार सोय होते. फिल्म आणि स्लाइड करायच्या असतील तर मात्र प्रोफेशनल एडिशन लागते.

पॅरलल पोर्टवाला (यूएसबीच्या आधीच्या काळातल्या रुंद पोर्टचा) स्कॅनर असेल तर आशा ठेवू नका, आजच्या लॅपटॉपला तो पोर्टच नसतो आणि यूएसबी टू पॅरलल केबल मिळते ती प्रिंटरसाठी असते, स्कॅनरला चालत नाही. मॅकवाल्यांनाही हे उपयोगी आहे, २०१९ च्या मॅकओएस कॅटालिनापासून ३२ बिटची ॲप्स चालायची बंद झाली त्यात कितीतरी जुनी स्कॅनिंग सॉफ्टवेअर गेली. लिनक्सवर असाल तर आधी सेन (SANE) हे स्कॅनिंगचं सॉफ्टवेअर बघा, फुकट आहे आणि बऱ्याच जुन्या मॉडेलना ओळखतं.

पैसे भरायच्या आधी त्यांच्या साइटवरच्या यादीत आपला मॉडेल नंबर शोधा, नुसतं कंपनीचं नाव बघून भागत नाही, एकाच सिरीजमधली दोन मॉडेल आतून पूर्ण वेगळी असू शकतात. मग ट्रायल टाका. त्यात स्कॅनवर वॉटरमार्क येतो पण स्कॅनर चालतो की नाही ते लगेच कळतं. ३०० डीपीआयला आणि स्कॅनरच्या सगळ्यात जास्त रिझोल्यूशनला, कलर आणि ग्रे दोन्हीत, पूर्ण काचेचा स्कॅन काढून बघा, कडेला पट्टे येत नाहीत ना ते झूम करून तपासा आणि मगच लायसन्स घ्या.