८ महिने वापरल्यानंतर: ४३ इंची साधा फुल एचडी टीव्ही

टीव्ही लावला त्याच संध्याकाळी आईनं विचारलं, "सगळ्यांचे चेहरे असे तांबूस का दिसतायत?" मलाही ते खटकत होतं. गवत भडक हिरवं, माणसांच्या केसांभोवती पांढरी रेघ. परत करावा की काय, इथवर विचार गेला होता. पण पॅनेल, म्हणजे चित्र दाखवणारा पडदा, चांगलं होतं. टीव्ही 'व्हिव्हिड' मोडवर होता, एवढंच. दुकानाच्या झगझगाटात उठून दिसण्यासाठी हा मोड ठीक, घरात तो डोळ्यांना टोचतो.

आधी निवडीबद्दल. कमी बजेटमध्ये 'एचडी रेडी' आणि 'फुल एचडी' यांत गल्लत होते. एचडी रेडी पॅनेल बहुतेक वेळा १३६६ × ७६८ पिक्सेलचं असतं, फुल एचडी १९२० × १०८०. म्हणजे पिक्सेल जवळजवळ दुप्पट. शिवाय चित्रं सहसा ७२० किंवा १०८० ओळींची येतात; १३६६ × ७६८ हे माप ७२० शीही जुळत नाही आणि १०८० शीही, त्यामुळे प्रत्येक चित्र ताणून किंवा आक्रसून दाखवावं लागतं. बारीक अक्षरं त्यातच पुसट होतात. लॅपटॉप जोडणार असाल तर फुल एचडीच घ्या.

मग फुल एचडीच्या चौपट पिक्सेलचा फोर-के का नाही? आमचा सोफा पडद्यापासून पावणेतीन मीटरवर आहे. ४३ इंची फुल एचडी पडद्यावरचा एकेक पिक्सेल जेमतेम अर्धा मिलिमीटर, आणि साधारण पावणेदोन मीटरच्या पुढे निरोगी डोळ्यालाही तो सुटा दिसत नाही. जे दिसणारच नाही त्यासाठी पैसे मोजण्यापेक्षा मी चांगलं पॅनेल शोधलं. आमच्याकडे रात्री दिवे मालवून सिनेमे बघतात, म्हणून व्हीए पॅनेल घेतलं. व्हीए आणि आयपीएस हे एलसीडी पॅनेलचे दोन प्रकार; व्हीएत काळा रंग आयपीएसपेक्षा गडद दिसतो. बदल्यात बाजूच्या खुर्चीवरून रंग फिके पडतात, आणि आई नेमकी तिथंच बसते. शेवटी खुर्ची हलवली. खोलीभर पसरून बसायची सवय असेल तर आयपीएस बरं.

आता सेटिंग, ज्यावर माझे दोन रविवार गेले आणि ज्यानं टीव्ही खरोखर बदलला. मोड 'सिनेमा', कलर टेम्परेचर 'वॉर्म'. पहिले दोन दिवस चित्र पिवळट वाटतं. धीर धरा, डोळे सरावतात, आणि मग जुनं चित्रच निळं वाटायला लागतं. सिनेमे ज्या ६५०० केल्विनच्या पांढऱ्यावर तयार होतात, त्याच्या सगळ्यात जवळचं सेटिंग बहुधा हेच असतं. शार्पनेस मी जवळजवळ शून्यावर आणला. तो तपशील वाढवत नाही, कडांवर रेघा ओढतो. केसांभोवतीची ती पांढरी रेघ त्याचीच. खोलीतल्या उजेडाप्रमाणे कमीजास्त करायचा तो बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा दिवा. 'ब्राइटनेस' वाढवला की काळा रंग राखाडी होतो, म्हणून त्याला वारंवार हात लावू नका. मोशन स्मूदिंग बंद. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. स्मूदिंग चालू असलं की टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः बनवून घालतो आणि चांगला सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो.

एक गोष्ट मला तीन महिन्यांनी कळली. बातम्यांची खालची पट्टी थोडी कापलेली दिसायची. हे ओव्हरस्कॅन. टीव्ही चित्र किंचित मोठं करून कडा पडद्याबाहेर ढकलतो, त्यामुळे पिक्सेलला पिक्सेल जुळत नाही आणि सगळंच थोडं मऊ होतं. पिक्चर साइझमध्ये 'स्क्रीन फिट' किंवा 'जस्ट स्कॅन' निवडलं आणि अक्षरं धारदार झाली. हे पहिल्याच दिवशी करा.

भिंतीवर आम्ही टीव्ही आधी फार उंच लावला होता. आठवडाभरात मान दुखायला लागली, पुन्हा भोकं पाडावी लागली. बसल्यावर डोळे पडद्याच्या मध्याच्या आसपास यावेत, हे आधी मोजून घ्या.

तक्रारी दोन. १ जीबी रॅममुळे सहाव्या महिन्यापासून ॲप उघडायला वेळ लागतो. ॲप चालवणारी वेगळी स्ट्रीमिंग स्टिक टीव्हीला लावल्यावर तो प्रश्न मिटला. दुसरी आवाजाची. पातळ टीव्हीचे स्पीकर खाली तोंड करून असतात, संवाद पुटपुटल्यासारखे येतात. बाबांना कमी ऐकू येतं, ते आवाज वाढवत राहायचे आणि पार्श्वसंगीत घर दणाणून सोडायचं. एक लहान साउंडबार (टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर) 'एआरसी' लिहिलेल्या, म्हणजे टीव्हीचा आवाज बाहेर पाठवणाऱ्या, एचडीएमआय पोर्टला जोडला. एकाच केबलनं काम झालं आणि आवाज टीव्हीच्याच रिमोटनं कमीजास्त होतो. बाबा आता सबटायटल न लावता सिनेमा बघतात.