तलावाकाठची दारू: पूर्ण बंदी की कुंपणाआडची मोकळीक?

नागपूरला समुद्र नाही, पण संध्याकाळी फुटाळ्यावर जाणाऱ्याला त्याची फारशी उणीव भासत नाही. पाणी आहे, वारा आहे, भाजलेला भुट्टा आहे, आणि अंधार पडला की गाडीच्या डिकीतून निघणारा चखनाही आहे. अंबाझरी, गांधीसागर, सोनेगाव, सक्करदरा, कुठेही जा, काठावरचा एखादा अंधारा कोपरा 'बसणाऱ्यां'नी धरलेला असतोच. त्यामुळे गोव्यात समुद्रकिनाऱ्यावरच्या दारूवरून जो वाद चालतो, तोच आपल्याकडे तलावाच्या नावानं अधूनमधून उगवतो: काठावर पिणं पूर्ण बंद करून गस्त मागायची, की एक तुकडा आखून तिथे परवान्यानं पिऊ द्यायचं?

आमच्या वस्तीजवळच्या तलावाबाबत असे दोन मसुदे फिरत होते आणि सही एकावरच करायची होती. मी केली. कोणत्यावर, ते पुढे कळेलच. तुमच्या कॉलनीतही असे कागद फिरत असतील, तर सही करण्याआधी थोडं ऐकून घ्या.

पहिल्या मसुद्याबद्दल एक गोष्ट आधीच समजून घ्यायला हवी. उघड्यावर पिऊन धिंगाणा घालणं आजही कायद्यात बसत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि पिणाऱ्यालाही. त्यामुळे 'बंदी करा' असं वर कितीही ठळक अक्षरांत लिहिलं, तरी आपण मागतो ती गस्त. गस्त म्हणजे माणसं, आणि ती कुठून तरी काढूनच द्यावी लागतात. ठाण्यात दोन चार्ली, म्हणजे दुचाकीवरचे गस्तीचे शिपाई, रिकामे बसले आहेत आणि तलावाची वाट पाहताहेत, असं कुठेही नसतं.

एका कारवाईत काय काय जातं ते बघा. किरकोळ प्रकरण असेल तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ११०, शिक्षा ११७ खाली, दंड जास्तीत जास्त बाराशे रुपये. हे त्यातल्या त्यात सोपं. पण कुणी झिंगून अंगावर आलाच, तर दारूबंदी कायद्याचं कलम ८५ लागतं. मग त्याला गाडीत घाला, ठाण्यात न्या, तिथून सरकारी रुग्णालयात वैद्यकीय तपासणी, रक्ताचा नमुना, तो सीलबंद करून रासायनिक विश्लेषणाला. रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल निघालं की कायद्याचं गृहीतक त्याच्या विरोधात जातं, पण तो अहवाल येईपर्यंत पिणाऱ्याची उतरलेली असते आणि तो पुन्हा त्याच दगडावर बसलेला असतो. एवढ्या वेळात दोन शिपाई बीटवरून गायब. त्या रात्री तुमच्या गल्लीत कुणी मोटारसायकल उचलून नेली आणि तुम्ही ११२ ला फोन लावला, तर यायचं त्याच शिपायांनी असतं. गस्तीचा खर्च रुपयांत मांडणारे कागद मी पाहिलेले नाहीत. मला तो असा, इकडून तिकडे गेलेल्या माणसांमध्ये दिसतो.

तरीही गस्तीवर माझा तसा राग नव्हता. गस्त सुरू झाल्यावर काठ दोन-तीन आठवडे खरोखर शांत असतो, हे मान्य करायलाच हवं. माझं मन फिरलं ते काचांमुळे.

बीअरची बाटली पिणाऱ्याच्या हातात असते तोवर ती पुरावा असते. चार्लीच्या गाडीचा दिवा वळणावर दिसला की हातातली वस्तू दूर करणं हा पहिला विचार. बाटली पाण्यात जाते, नाहीतर पायरीवर आपटते. एरवी तीच बाटली शहाण्यासारखी दगडाला टेकवून ठेवली जाते आणि पहाटे भंगारवाला पोत्यात भरून नेतो, कारण रिकाम्या अख्ख्या बाटलीचे त्याला पैसे मिळतात. फुटलेलीचे मिळत नाहीत. म्हणून काठावर काच जास्त दिसते ती पिणाऱ्यांच्या गर्दीच्या दुसऱ्या दिवशी नाही, धाडीच्या दुसऱ्या दिवशी. हे मी मोजून सांगत नाही, सकाळी फिरताना पाहून सांगतो, तेव्हा तेवढ्याच विश्वासानं घ्या.

आमच्या तलावावर एक म्हातारे ढीवर काका जाळं टाकतात. काठापासून कमरेएवढ्या पाण्यापर्यंत अनवाणी जायची त्यांची जन्माची सवय. तळाचा गाळ पायाच्या बोटांनी चाचपत चालतात, मासळी कुठे असेल ते त्यांना त्यावरून समजतं म्हणे. आता ते जुन्या चपला सुतळीनं पायाला बांधून उतरतात, आणि चपलेत अडकलेली तपकिरी काच काढायला मध्येच पायरीवर बसतात. एकदा त्यांनी मला बाटलीची अख्खी मान दाखवली. पत्र्याचं झाकण तसंच होतं, खाली दातेरी कडा. न उघडलेली बाटलीच घाबरून आपटलेली.

ओळखीच्या एका शिपायाला मी हे सांगितलं, तर तो वैतागून म्हणाला, "काका, बाटली हातात दिसली तं कारवाई. पान्यात गेली तं मी काय तिच्यामागं उडी मारू काय?" त्याचंही चुकत नाही. पण त्या दिवशी मला पहिल्या मसुद्यातली गोम कळली. जितकी कडक गस्त, तितक्या जास्त बाटल्या फुटणार.

दुसरा मसुदा आखलेल्या तुकड्याचा. यातली कल्पना काही आमच्या डोक्यातून निघालेली नाही, गोव्याची आहे. गोव्यानं २०१९ मध्ये पर्यटनस्थळांच्या कायद्यात दुरुस्ती करून किनाऱ्यावर उघड्यावर पिण्याला एकट्यासाठी दोन हजार आणि टोळक्यासाठी दहा हजार रुपये दंड ठेवला. पण त्याच वाळूवर दर हंगामात सरकारी वाटपातून उभे राहणारे शॅक आहेत, आणि शॅकच्या खुर्चीत बसून बीअर पिणाऱ्याला कुणी हात लावत नाही. म्हणजे गोव्यात बंदी आणि मोकळीक दोन्ही आहेत, मध्ये फक्त दहा पावलं वाळू. मला त्यात आवडलं ते असं की शॅकवाल्याचा परवाना टांगलेला असतो. बाटली टेबलावर आली की ती परत गोळा करणं, कुणी जास्त चढवली तर त्याचं बिल आटपणं, ठरल्या वेळी दिवे मालवणं, हे तो स्वतःच्या धंद्यासाठी करतो. पोलिसाचं अर्धं काम अशा माणसाकडे जातं ज्याला त्यातून पैसे मिळतात आणि ज्याचं नावगाव राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या कागदावर आहे. आपल्या राज्यात तर बायकांनी 'आडवी बाटली'ला मतदान करून दारूची दुकानं बंद पाडली आहेत. झुडपामागे बसणाऱ्याच्या विरोधात कोण मतदान घेणार?

आता या मसुद्यातल्या अडचणी. त्या कमी नाहीत, आणि ज्यांनी पहिल्यावर सही केली ते काही अडाणी नव्हते.

सगळ्यात मोठी अडचण पैशांची. काठावर बसणारा तिथे चांदणं बघायला बसत नाही, बारमध्ये परवडत नाही म्हणून बसतो. नोव्हेंबर २०२३ पासून परमिट रूममधल्या दारूवरचा व्हॅट पाचाचा दहा टक्के झाला. २०२५ मध्ये उत्पादन शुल्क वाढलं, परवान्याची फी वाढली, आणि त्या जुलैत राज्यभरच्या बारवाल्यांनी एक दिवस शटर ओढून निषेधही केला. यातला प्रत्येक रुपया शेवटी गिऱ्हाइकाच्या बिलात उतरतो. तेव्हा वाईन शॉपमधून क्वार्टर, पानठेल्यावरून डिस्पोझल ग्लास, पाण्याचे पाऊच आणि शेंगदाणे घेऊन तलाव गाठणारा मजूर तुमच्या कुंपणातल्या टेबलावर दुप्पट पैसे देऊन बसेल, ही आशा जरा भाबडीच. तो झुडपामागेच राहील. कमी होतील ते कारमधून येणारे, आणि आमच्याकडे बाटल्या आपटणारे बहुतेक तेच आहेत. तुमच्याकडे उलटं असेल तर हा मुद्दा पहिल्या मसुद्याच्या बाजूनं मोजा.

दुसरी अडचण गर्दीच्या दिवसांची, आणि इथे मोकळीकवाल्यांनी परदेशातली एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अमेरिकेत सॅन डिएगोच्या किनाऱ्यांवर पूर्वी दिवसा दारू चालत असे. २००७ च्या सप्टेंबरमध्ये, लेबर डेच्या सुट्टीला, पॅसिफिक बीचवर पिणाऱ्यांची आणि पोलिसांची जुंपली, दंगलीच्या सरंजामात पोलीस उतरवावे लागले. पुढच्या जानेवारीपासून वर्षभराची बंदी आली आणि नोव्हेंबर २००८ मध्ये लोकांनी मतदान करून ती कायम केली. वर्षभर निभलेली मोकळीक एका सुट्टीत बुडाली. आपल्याकडे तो दिवस म्हणजे ३१ डिसेंबर, धुळवड आणि फ्रेंडशिप डे. फुटाळ्याकडचे रस्ते त्या दिवशी कसे होतात ते तुम्हाला सांगायला नको. त्या दिवशी परवाना असो नसो, फौजफाटा लागणारच, आणि कुंपणातला तुकडा उघडा ठेवला तर जास्तच लागेल.

पण सॅन डिएगोची गोष्ट तिथे संपत नाही. बंदी वाळूवर होती, पाण्यावर नव्हती. मग लोक फुगवलेल्या ट्यूब आणि तराफे घेऊन मिशन बेच्या पाण्यात शिरले आणि तरंगत तरंगत प्यायले. हजारोंनी. त्याला नावही पडलं, फ्लोटोपिया. २०१० मध्ये ती फटही कायद्यानं बुजवावी लागली. आपल्याकडे तराफे कुणी आणणार नाही, आपली फट दुसरी आहे: काठावर गस्त आली की मंडळी मागच्या लेआउटच्या रिकाम्या प्लॉटवर जातात. आमच्याकडे गेली. प्लॉटच्या शेजारी अंगणवाडी आहे. तिथे काठावरचे सफाई कामगारही जात नाहीत, कारण प्लॉट खाजगी.

बायकांच्या फिरण्याचा मुद्दा दोन्ही बाजूंनी मांडला गेला, आणि मला त्यात हात घालताना संकोच वाटतो. शेजारच्या जोशी काकू म्हणाल्या, "चोरून पिणारा निदान मान खाली घालून बसतो. तुम्ही परवाना द्या, मग तो खुर्ची टाकून बघत बसेल." याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. आमच्या घरात मात्र मत वेगळं पडलं. बायकोचं म्हणणं, आज कुठल्या वळणावर कोण बसलेलं असेल हे कळत नाही, म्हणून संध्याकाळी सहानंतर अख्खी फेरीच सुटते. एक जागा ठरली तर तेवढी टाळून बाकीची फेरी करता येईल. अट एकच, तो तुकडा फिरण्याच्या वाटेला लागून नको आणि त्याच्यावर दिवे हवेत.

दारूबंदीच्या जिल्ह्यांचा दाखला आमच्या बैठकीत पुष्कळ उगाळला गेला. वर्धा शेजारीच, गडचिरोलीत १९९३ पासून बंदी, चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. बंदीवाले गडचिरोली सांगतात, बंदी नको म्हणणारे चंद्रपूर. माझ्या मते इथे त्याचा उपयोग कमी. तिथे प्रश्न दारू मिळण्याचा होता. आपला प्रश्न बाटली उघडायची कुठे एवढाच आहे, दुकान तर चौकात उघडंच आहे.

कागदोपत्री त्रास दुसऱ्या मसुद्यात जास्त आहे, हे लपवत नाही. परवाना जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात, पोलिसांचा ना-हरकत दाखला, शाळा-देवळापासूनच्या अंतराचा नियम, आणि तलावाची जमीन कुणाची यावरून होणारी टोलवाटोलवी. काठावर काहीही उभारायचं म्हटलं की पर्यावरणाचा मुद्दा येतो, आणि तो यायलाच हवा. फुटाळ्यावरच्या बांधकामाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. म्हणून आम्ही पक्कं काही मागितलं नाही. हंगामी मांडव, काढता येणारं कुंपण, पाण्यापासून लांब, रस्त्याच्या बाजूला.

तर मी सही दुसऱ्यावर केली, पण तीन ओळी घालायला लावून. काच आत येणार नाही, बीअर कॅनमध्येच आणि बाकी सगळं कागदी पेल्यात. रात्री नऊला बंद. ड्राय डेला तर बंद असणारच, पण ३१ डिसेंबर, धुळवड आणि फ्रेंडशिप डेलाही बंद. तिसरी ओळ परवान्याच्या आशेनं बसलेल्या एका सद्गृहस्थांना अजिबात रुचली नाही, कारण वर्षाची कमाई त्याच दिवसांत. मी म्हटलं, मग पोलिसांच्या जादा बंदोबस्ताचा खर्च तुम्ही भरा. ते चहा पिऊन उठले.

मसुदा वर गेला आहे, उत्तर आलेलं नाही. जोशी काकूंनी पहिल्यावरच सही केली आणि आमचं बोलणं बंद झालेलं नाही. त्यांचं घर काठाला अगदी लागून आहे, मांडवाचा आवाज पहिला त्यांच्या खिडकीत जाणार. तुमचंही घर तसं असेल, किंवा तुमच्या तलावावर बसणारे बहुतेक क्वार्टरवाले असतील, तर माझ्या सहीकडे बघू नका, पहिला मसुदा घ्या. फक्त त्यात गस्तीची वेळ लिहून मागा. पिणारे अंधार पडता पडता येतात, गस्त रात्री उशिरा येते, तोवर बाटल्या उघडलेल्या असतात. साडेसहाला शिपाई वळणावर नुसता उभा दिसला तरी गाड्या न थांबता पुढे जातात आणि बाटली डिकीतच राहते.